शरदातील नर्मदा आणि महसीराचा गळ

आश्विन उजाडतो, पावसाची शेवटची सर ओसरते आणि विंध्य-सातपुड्याच्या ओढ्यांनी वाहून आणलेला गाळ तळाशी बसू लागतो, तशी जबलपूरजवळची नर्मदा आपला रंग पालटू लागते. चार महिने तांबूस आणि गढूळ असलेले पाणी आधी पिवळट, मग हिरवट आणि दिवाळीच्या सुमारास निळसर होते. ग्वारीघाटाच्या बुडालेल्या पायऱ्या एकेक करून वर येतात. तिलवाराघाटाखालचे खडक पाठी दाखवू लागतात. भेडाघाटच्या धुवाँधारापाशी पुराच्या लोंढ्यात नाहीसा झालेला धबधबा पुन्हा धबधब्याच्या रूपास येतो.

या क्षणाची वाट पाहणारे लोक जबलपुरास पूर्वीपासून होते. पहिले परिक्रमावासी. चातुर्मासात एका जागी थांबून राहिलेला हा यात्रिक कार्तिकी एकादशीनंतर झोळी आणि काठी उचलतो व नदी उजव्या हाती ठेवून चालू लागतो. दुसरे नदीकाठचे ढीमर, केवट, मांझी. पुरात बांधून ठेवलेल्या डोंग्या ते या सुमारास नव्याने पाण्यात लोटीत. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यात तिसऱ्याची भर पडली. छावणीतील वा कचेरीतील इंग्रज अधिकारी श्रावणापासूनच आपल्या काठ्या, दोर आणि गळ तपासून ठेवी आणि दसऱ्याच्या सुट्टीत नदीच्या वरच्या वा खालच्या अंगाला आठ-दहा दिवसांची मोहीम काढी. एकाला पुण्य हवे होते, दुसऱ्याला पोट भरावयाचे होते, तिसऱ्याला मौज हवी होती. तिघांचे पंचांग मात्र एकच होते आणि ते नदीने लिहिलेले होते.

या तिसऱ्या माणसाच्या मोहिमेचा इतिहास वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. साहेबाची सुट्टी आणि साहेबाचा छंद, यात इतिहास तो काय? परंतु मोहिमेची आखणी कशी होई, कोणाच्या ज्ञानावर होई आणि तिचा हिशेब अखेर कोणी चुकता केला, हे पाहू लागले म्हणजे एका नदीच्या दोनशे वर्षांची कहाणी उलगडते.

गळाने मासा धरण्याची कला इंग्रजांनी या देशात आणली असा एक समज आहे. तो खरा नाही. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजाने राज्य कसे मिळवावे, ते कसे स्थिर करावे आणि मिळालेल्या राज्याचा उपभोग कसा घ्यावा, याचा तो शंभर अध्यायांचा कोशच आहे. मराठी वाचकांना हा ग्रंथ वेगळ्याच कारणाने परिचित आहे. त्यातील संगीतविषयक भागात मराठीच्या अगदी जुन्या पद्यरचनेचे नमुने आढळतात, म्हणून भाषेचे अभ्यासक त्याकडे वळतात. त्याच ग्रंथाच्या विनोदविषयक विभागात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. नदीतील व समुद्रातील माशांचे प्रकार, कोणत्या माशाला कोणते खाद्य आवडते, आमिष कसे करावे, काठी, दोर आणि गळ कसे असावेत, याचे विवेचन सोमेश्वराने तेथे केले आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत गजानन कृष्ण श्रीगोंदेकरांनी हा ग्रंथ संपादिला. पुढे सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये ‘मत्स्यविनोदा’चा शास्त्रीय दृष्टीने अभ्यास केला, तेव्हा या जुन्या निरीक्षणांची सूक्ष्मता जगापुढे आली.

माशाला अभय देण्याची कल्पनाही तितकीच जुनी आहे, किंबहुना अधिक जुनी. जबलपूरच्या उत्तरेस, आजच्या कटनी जिल्ह्यात, रूपनाथ येथे अशोकाचा एक शिलालेख आहे. त्याच सम्राटाच्या पाचव्या स्तंभलेखात चातुर्मासांच्या पौर्णिमा, तिष्य नक्षत्राची पौर्णिमा आणि उपोसथाचे दिवस यांवर मासे मारू नयेत व विकूही नयेत, अशी आज्ञा आहे. मासेमारीस वर्षातील काही दिवस मनाई असावी, हा विचार या देशात बावीसशे वर्षांपूर्वी दगडावर कोरला गेला होता. नर्मदेच्याच काठी, महेश्वरास, अहिल्याबाई होळकरांच्या दयेत नदीतल्या माशांनाही वाटा होता. त्यांच्यासाठी अन्न राखून ठेवले जाई, अशी नोंद सर जॉन माल्कमने आपल्या मध्य हिंदुस्थानच्या वृत्तांतात केली आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस गढा-मंडल्याचे गोंड राज्य सागरच्या मराठी सुभेदारांकडे गेले आणि १७९८ च्या सुमारास हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आला. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली आणि डिसेंबरात जबलपूर इंग्रजांच्या हाती पडले. १८२० मध्ये ‘सागर आणि नर्मदा प्रदेश’ असा स्वतंत्र कारभार सुरू झाला. या कारभारातील सर्वात प्रसिद्ध अधिकारी विल्यम स्लीमन. ठगांचा बीमोड करणारा म्हणून त्याचे नाव सर्वतोमुखी आहे. १८३५ च्या नोव्हेंबरात तो जबलपुराहून हिमालयाच्या दिशेने निघाला. त्या प्रवासाचे त्याने लिहिलेले पुस्तक १८४४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याचा आरंभच नर्मदेच्या काठी भेडाघाटास होतो. शरद संपता संपता तंबू उचलावयाचे आणि थंडीभर फिरावयाचे, हा कंपनीच्या अधिकाऱ्यांचा शिरस्ता होता. गोऱ्या माणसाच्या मासेमारीच्या मोहिमेने हाच शिरस्ता उचलला.

मोहिमेचे स्वरूप पालटले ते रेल्वेमुळे. १८६७ मध्ये अलाहाबादेकडून आलेला लोहमार्ग जबलपुरास पोहोचला आणि १८७० च्या मार्चमध्ये मुंबईकडून आलेला मार्ग त्यास येऊन मिळाला. मुंबई आणि कलकत्ता जबलपुरात जोडली गेली. ज्या नदीकाठी पोहोचण्यास पूर्वी आठवडे लागत, तेथे आता सामानाच्या पेट्यांसह दोन-तीन दिवसांत येता येऊ लागले. पुढच्याच वर्षी, १८७१ मध्ये, कॅप्टन जेम्स फोर्साइथचा मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलखावरील ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. पचमढीचे पठार इंग्रजी जगास परिचित करून देणाऱ्या या पुस्तकाने नर्मदेच्या खोऱ्याकडे शिकाऱ्यांची दृष्टी वळविली. १८७३ मध्ये मंगळूर येथून हेन्री सलिव्हन टॉमस याचे हिंदुस्थानातील गळाच्या मासेमारीवरील पुस्तक बाहेर पडले. टॉमस मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी होता. विलायतेतील नामवंत सामन माशापेक्षा हिंदुस्थानातील महसीर झुंजीत अधिक बलवान आहे, असे त्याने ठामपणे मांडले. या एका मताने शेकडो साहेबांना काठ्या विकत घ्यावयास लावले असेल.

महसीर हा मासा मुळात कार्प कुळातला, रोहू-कटल्याचा भाऊबंद. अंगावर तळहाताएवढाले खवले, पाठीवर सोनेरी-हिरवट झाक, जाड मांसल ओठ. जबड्यात दात नाहीत. दात आहेत ते घशात. त्याच्या जबड्याची दाब देण्याची शक्ती मात्र एवढी, की कमअस्सल पोलादाचा गळ त्यात चेपून जाई. तो खेकडे खातो, लहान मासे खातो, आणि काठच्या उंबराची फळे पाण्यात पडली तर तीही आवडीने खातो. नर्मदेतील महसीरास काठचे लोक ‘बाडस’ म्हणतात. शास्त्राच्या दप्तरात त्याची नोंद फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ मध्ये गंगेच्या माशांवरील ग्रंथात केली. दक्षिणेकडील त्याच्या भावंडाचे नाव तर मराठीच आहे. पुण्याच्या मुळा-मुठेत सापडलेल्या या माशाला कर्नल विल्यम साइक्सने १८३९ मध्ये ‘खुद्री’ हे स्थानिक नावच शास्त्रीय नाव म्हणून दिले. पुण्याच्या कोळ्याच्या तोंडचा शब्द असा जगभरच्या संग्रहालयांत जाऊन बसला.

आता त्या मोहिमेची आखणी पाहू. पहिला प्रश्न काळाचा. महसीर पावसाळ्यात पुराबरोबर वरच्या अंगाला, लहान उपनद्यांत, गोटे आणि वाळू असलेल्या वाहत्या पाण्यात अंडी घालावयास चढतो. पूर ओसरू लागला म्हणजे तो पुन्हा मुख्य नदीच्या डोहांकडे उतरतो. या उतरणीच्या दिवसांत तो भुकेला असतो आणि संगमांच्या आसपास थांबतो. परंतु पाणी गढूळ असेतो चकाकणारे आमिष त्याला दिसत नाही. म्हणून फार लवकर जाणे व्यर्थ. फार उशिरा गेले तर पाणी काचेसारखे स्वच्छ होते आणि काठावरील माणसाची सावलीही माशाला कळते. या दोहोंमधील दोन-तीन आठवडेच खरे. शेवटचा पाऊस केव्हा पडला यावर ते ठरत आणि रजेचा अर्ज मात्र महिनाभर आधी द्यावा लागे.

दुसरा प्रश्न स्थळाचा. जबलपुराहून वरच्या अंगाला मंडला, जेथे बंजर नदी नर्मदेला मिळते. खालच्या अंगाला भेडाघाटची संगमरवरी दरी, त्यापुढे हिरन नदीचा संगम, नरसिंहपुराजवळचा बरमान घाट, मग शेर, शक्कर, दुधी या सातपुड्यातून येणाऱ्या नद्या आणि होशंगाबादेजवळ तवेचा संगम.  रेल्वेचा फाटा दूर राहिला म्हणजे पुढे बैलगाडी, आणि जेथे गाडीवाट नाही तेथे डोक्यावरचे ओझे. जितके दुर्गम पाणी, तितका मोठा मासा, असा मोहिमेवाल्यांचा समज होता आणि तो बहुधा खरा होता. जेथे जाळे पोहोचत नाही, तेथेच मासा म्हातारा होतो.

तिसरा प्रश्न सामानाचा. दहा-बारा हातांची चिवट काठी, चक्रीवर गुंडाळलेला शंभर वारांहून अधिक लांबीचा रेशमी दोर, पितळेच्या वा चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे चमच्यासारखे आमिष, कीटकाचा भास देणारे पिसांचे गळ, आणि हे सारे फसले तर कणकेचा गोळा. एवढा लांब दोर लागे तो महसीराच्या पहिल्या धावेसाठी. गळ लागताच तो जो सुटतो, तो प्रवाहाबरोबर खडकांच्या दिशेने. दोर संपला वा खडकाच्या धारेवर घासला की खेळ आटोपला. संगमरवरी दरीत तर दोन्ही बाजूंस उभे कडे. माशामागे धावावयास काठच नाही. तेथे डोंगी हवी आणि ती वल्हविणारा कसलेला माणूस हवा.

या दरीत आणखी एका गोष्टीची खबरदारी घ्यावी लागे. कड्यांच्या कपारींत आग्यामाश्यांची मोठमोठी पोळी लोंबत असतात. रेल्वेच्या कामावरील दोन इंग्रज अभियंते होडीतून दरी पाहत असता त्यांवर माश्यांनी झडप घातली. दोघांनीही पाण्यात उड्या टाकल्या. एक वाचला, दुसरा बुडाला. फोर्साइथने ही हकीकत नोंदविली आहे. तेव्हापासून दरीत धूर करू नये, बंदुकीचा बार काढू नये, असे नव्या येणाऱ्यास बजावले जाई. नावाड्यांना ते सांगावे लागत नव्हते.

आणि हाच या आखणीतील चौथा, सर्वात महत्त्वाचा आणि पुस्तकांत सर्वात थोडक्यात उरकलेला प्रश्न: वाटाड्या कोण? डोह कोठे खोल आहे, पुराने यंदा कोणता वाळूचा दांडा हलविला, कोणत्या उंबराखाली बाडस सकाळी येतो, कोणत्या खडकाआड पाणी उलटे फिरते, हे विलायतेतून आलेल्या नकाशात नव्हते. ते ढीमराच्या डोक्यात होते. बापाकडून मुलाला मिळालेली ही विद्या दर पावसाळ्यानंतर तपासून घ्यावी लागे, कारण नदी दरवर्षी आपला तळ बदलते. साहेबाच्या पुस्तकात माशाचे वजन पौंडांत आणि औंसांत नोंदलेले असे. ज्याने तो मासा कोठे आहे ते दाखविले, त्याचा उल्लेख बहुधा ‘माझा नावाडी’ एवढाच असे.

मध्यप्रांतातील इंग्रजाने महसीरावर संतोष मानला, परंतु त्याच्या जातभाईंना इतरत्र तेवढ्यावर समाधान नव्हते. त्यांना घरचा ट्राउट हवा होता. फ्रान्सिस डे याने १८६३ पासून निलगिरीत ट्राउट आणण्याचा प्रयत्न केला, पण तेव्हा यश आले नाही. काश्मिरात फ्रँक मिचेल या गृहस्थाने विलायतेहून बर्फात ठेवलेली अंडी मागविली. १८९९ सालची पहिली खेप वाटेतच नासली. पुढच्या वर्षीची जगली. श्रीनगरजवळच्या हारवानला पैदास झाली आणि तेथून तो मासा काश्मीरच्या नद्यांत पसरला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कुलूच्या खोऱ्यात आणि निलगिरीतही तो रुजला. ट्राउटला थंड पाणी लागते. वैशाखात तापणाऱ्या नर्मदेत तो एक उन्हाळाही काढू शकला नसता. म्हणून जबलपूरच्या साहेबाला या नदीचा स्वतःचा मासा समजून घ्यावा लागला.

परंतु समजून घेणे आणि जपणे या दोन गोष्टी नेहमीच बरोबर चालत नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नद्यांतील मासा घटत असल्याची ओरड सुरू झाली. १८७३ मध्ये फ्रान्सिस डे याने गोड्या पाण्यातील माशांवरील आपला मोठा अहवाल सरकारला सादर केला. बारीक जाळी, पाण्यात कालविलेले विष, बांध घालून अडविलेले मासे, ही कारणे त्यात आली. पुढे १८९७ चा मत्स्यव्यवसाय अधिनियम झाला आणि सुरुंगाची दारू व विष वापरून मासे मारणे गुन्हा ठरले. हा कायदा योग्यच होता. सुरुंगाचा एक बार संपूर्ण डोहातील लहानथोर मासे एका क्षणी मारतो, हे आजही खरे आहे.

पण त्याआधीच, १८७८ च्या वन अधिनियमाने, राखीव जंगलातील मासेमारी नियमांच्या कक्षेत आणली होती. सातपुड्यातील उपनद्यांच्या काठचे पुष्कळसे रान राखीव झाले. परिणामी एकाच ओढ्याच्या एकाच डोहावर परवाना असलेल्या पाहुण्याचा गळ हा छंद ठरला आणि परवाना नसलेल्या गोंडाचे जाळे हा अपराध ठरला. मासा कमी होण्याचे खापर काठच्या माणसावर फुटले. मोहिमेवाल्याने एका सकाळी किती मासे काढले, हे मात्र मासिकांतून अभिमानाने छापले जाई. दोघांनी मिळून किती नेले, याचा ताळेबंद त्या काळी कोणी मांडला नाही.

तो ताळेबंद मांडण्याचे काम स्वातंत्र्यानंतर झाले. १९५८ ते १९६६ या काळात केंद्रीय अंतर्देशीय मत्स्यसंशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी होशंगाबाद केंद्र धरून नर्मदेचा पद्धतशीर अभ्यास केला. करमचंदानी, देसाई, पिसोळकर आणि भटनागर ही नावे त्या अहवालावर आहेत. बाजारात येणाऱ्या माशांच्या टोपल्या त्यांनी वर्षानुवर्षे मोजल्या. नदीतील एकूण पकडीत सुमारे चौथा हिस्सा महसीराचा होता, असे त्यातून दिसले. ज्याच्यासाठी साहेब दूरदूरच्या डोहांवर जात, तो मासा होशंगाबादच्या बाजारात गरीबाच्या ताटातला नेहमीचा मासा होता, हे या मोजणीने सिद्ध केले. या अभ्यासाचे मोल पुढे अधिकच वाढले, कारण अडविली जाण्यापूर्वीची नर्मदा कशी होती याचा तोच विश्वसनीय दाखला उरला.

सत्तरच्या दशकात तवेवर धरण झाले. १९९० च्या सुमारास जबलपूरच्या वरच्या अंगाला बरगीचे धरण पुरे झाले. राणी अवंतीबाईंचे नाव दिलेला हा जलाशय नर्मदेच्या मुख्य प्रवाहावरील पहिला मोठा जलाशय होय. त्यामागून खालच्या अंगाला इंदिरासागर, ओंकारेश्वर आणि सरदार सरोवर झाले. या धरणांनी शेतास पाणी दिले, वीज दिली. त्यांचा उपयोग नाकारता येणार नाही. परंतु महसीर हा वाहत्या पाण्याचा मासा आहे. पुराबरोबर वर चढावयाची त्याची वाट भिंतीने अडली. ज्या गोट्यांवर तो अंडी घाली, ते गोटे साठलेल्या पाण्याखाली गाळात गेले. जलाशयात सोडलेले कटला आणि रोहू वाढले. बाडस उतरणीस लागला. जो मासा एकेकाळी पकडीचा चौथा हिस्सा होता, तो पुढील दशकांत कितीतरी खाली घसरला.

धरणाने माणसेही उठविली. बरगीच्या पाण्यात शंभराहून अधिक गावांची जमीन गेली आणि नांगर धरणाऱ्या पुष्कळांना जाळे धरावे लागले. दीर्घ लढ्यानंतर १९९४ मध्ये विस्थापितांच्या सहकारी संघाकडे या जलाशयातील मासेमारीचा हक्क आला. दोन वर्षांनी तवेच्या विस्थापितांनाही तसाच हक्क मिळाला. हे हक्क कायमचे ठरले नाहीत, तरी त्यांनी एक गोष्ट देशापुढे ठेवली. पाण्यावरील पहिला अधिकार ज्याची जमीन त्या पाण्याखाली गेली त्याचा असावा, हे तत्त्व प्रथमच व्यवहारात उतरलेले लोकांनी पाहिले. शंभर वर्षांपूर्वी परवाना देणारा एक आणि परवाना मागणारा दुसरा होता. येथे मासा धरणारे हातच त्याचा हिशेब ठेवू लागले.

२०११ मध्ये मध्यप्रदेशाने महसीराला राज्याचा मासा म्हणून मान दिला. पावसाळ्यात १६ जून ते १५ ऑगस्ट या काळात राज्याच्या नद्यांत मासेमारीस मनाई असते. अशोकाच्या आज्ञेचे हे दूरचे वंशजच म्हणावे लागेल. परंतु मनाईचे दोन महिने पाळले, तरी अंडी घालावयास वाहते पाणीच नसेल तर मनाई कोणाच्या कामी येणार, हा प्रश्न शिल्लक राहतो.

या बाबतीत महाराष्ट्राचे दोन अनुभव सांगण्यासारखे आहेत. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीजकंपनीच्या तलावाकाठी, १९७० नंतरच्या काळात, महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे निवृत्त संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांच्या प्रयत्नाने महसीराची कृत्रिम पैदास यशस्वी झाली. साइक्सने मुळा-मुठेच्या काठी नोंदलेल्या त्याच ‘खुद्री’ची लाखो पिले तेथून देशभरच्या नद्यांत गेली. कार्य मोठे होते आणि हेतू निर्मळ होता. पण त्यातून एक धडाही मिळाला. कावेरीत सोडलेली ही पिले तेथे इतकी माजली, की त्या नदीचा स्वतःचा कुबडा महसीर मागे हटला. २०१८ मध्ये तो नष्टप्राय होण्याच्या मार्गावरील मासा म्हणून जाहीर झाला. प्रत्येक नदीचा मासा वेगळा असतो. एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही.

दुसरा अनुभव रायगड जिल्ह्यातील महाडजवळचा. काळ नदीवर वाळणकोंड म्हणून एक खोल डोह आहे. वरदायिनी देवीच्या आश्रयाने तेथे महसीर नांदतात. गावकरी त्यांना देवीचे मासे मानतात आणि त्यांवर गळ वा जाळे टाकीत नाहीत. भाविकांनी टाकलेले चुरमुरे खावयास मोठमोठे मासे पृष्ठभागावर येतात. वैतरणेच्या काठी वाडा तालुक्यात तिळसे येथेही असाच राखलेला डोह आहे. येथे अधिनियम नाही, पहारेकरी नाही. एक श्रद्धा आहे आणि ती पाळणारे गाव आहे. शास्त्रज्ञ तेथे जाऊन नोंदी घेतात तेव्हा त्यांना जे आढळते, ते साहेबाच्या जुन्या पुस्तकांत वर्णिलेल्या डोहाशी जुळते.

आजही शरदात जबलपूरची नर्मदा निवळते. परिक्रमावासी निघतात, त्यांची जुनी वाट मात्र कित्येक ठिकाणी जलाशयाखाली गेल्याने त्यांना वळसा घालावा लागतो. भेडाघाटास कार्तिकी पौर्णिमेची जत्रा भरते. छंद म्हणून काठी घेऊन निघणारे लोक अजून आहेत, आणि त्यांच्यातील जाणते लोक धरलेला मासा गळ काढून पुन्हा पाण्यात सोडतात. परंतु आखणी करणाऱ्याला आता शेवटचा पाऊस केव्हा पडला एवढे विचारून भागत नाही. धरणाचे दरवाजे केव्हा उघडतील, वीजघरातून आज किती पाणी सुटेल, हे विचारावे लागते. सकाळी गुडघाभर असलेले पाणी दुपारी कमरेइतके होते, आणि ते का झाले हे आकाशाकडे पाहून सांगता येत नाही.

या बदलाची खरी झळ बसली ती ढीमराच्या विद्येला. उंबराखालचा बाडस, उलटे फिरणारे पाणी, दरवर्षी सरकणारा वाळूचा दांडा यांचे ज्ञान नदी वाहती असतानाच उपयोगी पडते. जलाशयाच्या सपाट पाण्यावर ते निरुपयोगी होते, आणि निरुपयोगी झालेली विद्या बाप मुलाला शिकवीत नाही. साहेबाचे पुस्तक ग्रंथालयात सुरक्षित आहे. नावाड्याचे पुस्तक कोणी लिहिलेच नाही. ते नावाड्याबरोबर संपते.

धरणे आता पाडावयाची नाहीत. पण त्यांतून पाणी केव्हा आणि किती सोडावे, हे ठरविणे माणसाच्या हाती आहे. आषाढ-श्रावणात उपनद्या मोकळ्या ठेवाव्या, त्यांच्या तळाची वाळू आणि गोटे उपसू नयेत, काही डोह वाळणकोंडाप्रमाणे राखून ठेवावे, आणि हे ठरविताना काठच्या म्हाताऱ्या मांझीला पहिला प्रश्न विचारावा, एवढे केले तरी पुष्कळ साधेल. दीडशे वर्षांपूर्वी मोहिमेवर निघणारा साहेब नदीवर पोहोचताच पहिली चौकशी त्याच माणसाकडे करी. त्याला उत्तर मिळे आणि मासाही मिळे. ज्याच्याकडून उत्तर मिळाले, त्याचे नाव तेवढे लिहून ठेवावयाचे राहून गेले.